कापसाचे बर्फ आणि पिंपळाची जाळी



डिसेंबर महिना आला की शाळाशाळांतून हस्तकलेची प्रदर्शने भरतात. त्यांत एक वस्तू हमखास असते. हिरव्या कागदाचे त्रिकोणी झाड, त्यावर चिकटवलेला कापूस, आणि शेजारी कापसाचाच एक गोलमटोल बर्फाचा माणूस. का केले असे विचारले तर उत्तर येते, ‘हिवाळा हा विषय होता ना!’

आता हा हिवाळा कोणाचा? मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. तारीख होती २२ जानेवारी १९६२. पाणी गोठायला शून्य अंश लागतात. म्हणजे मुंबईच्या इतिहासातील सर्वांत गार पहाटेलाही बर्फ आपल्यापासून सात अंश दूरच होते. कापसाचा तो माणूस आपल्या हिवाळ्यातला नव्हे. भेटकार्डावरून उतरवलेला आहे.

मग आपल्या हिवाळ्यात पाहण्याजोगे, हाताने करण्याजोगे काही नाही की काय? ते पाहायला आपण गोरेगावच्या पूर्वेला आरे कॉलनीत जाऊ. मुंबई शहरातील गोठे बाहेर हलवता यावेत म्हणून १९४९ साली ही दूध वसाहत वसवण्यात आली. येथील एका बागेचे नाव छोटा काश्मीर असे आहे. पण घाबरू नका, बर्फ तेथेही पडत नाही.

द्रुतगती महामार्गावरून आरेच्या रस्त्याला वळले की अंगाला गारवा जाणवतो. परंतु आपल्या कामाची गोष्ट गारवा ही नव्हे. कोरडेपणा ही आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि बाष्प घेऊन येतो. ऑक्टोबरात पाऊस माघारी गेला, की पहाटेचा वारा जमिनीकडून वाहू लागतो. तो कोरडा असतो. तुमचे ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, आणि आरेतले गुडघाभर गवत महिन्या-दोन महिन्यांत हिरव्याचे पिवळे होते. पावसाळ्यात वहीत पान दाबून ठेवले तर त्यावर बुरशी चढते. तेच पान डिसेंबरात ठेवा, चार दिवसांत कडकडीत वाळते आणि रंगही बराच टिकतो.

झाडांनाही हा कोरडेपणा कळतो. युरोपात झाडे पाने गाळतात ती कडाक्याची थंडी येऊ घातलेली असते म्हणून. आपल्याकडचे साग, पळस, काटेसावर ही झाडे पाने गाळतात ती मुख्यतः पाण्याची काटकसर म्हणून. पानांवाटे पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. जमिनीतली ओल कमी झाली की हा खर्च परवडत नाही. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातला कामाचा माल, विशेषतः नत्रयुक्त द्रव्ये, शक्य तितका परत खोडात ओढून घेते, देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार करते आणि मग पान सोडून देते. घर रिकामे करताना आपण भांडीकुंडी बरोबर नेतो आणि भिंती मागे ठेवतो, तसे.

भिंती मागे राहतात, हे लक्षात ठेवा. आपल्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य हेच आहे. पावसाळ्यात सगळे हिरवे आणि भरलेले असते, त्यामुळे वस्तूंची बांधणी दिसत नाही. हिवाळ्यात मऊ भाग झडतो, वाळतो, कुजतो, आणि सांगाडा उघडा पडतो. जानेवारीत निष्पर्ण काटेसावर पाहा. खोडापासून फांद्या टप्प्याटप्प्याने, छत्रीच्या काड्यांसारख्या चोहोबाजूंना निघालेल्या आहेत, हे शाळेत जाणाऱ्या पोरालाही सांगता येते. ऑगस्टात ते कोणाला सांगता आले असते?

या उघड्या बांधणीकडे पाहून हस्तकला करणारी माणसे आरेत फार पूर्वीपासून आहेत. दूध वसाहत होण्याच्या आधीपासून येथे आदिवासींचे पाडे आहेत, आणि त्यांत वारल्यांची वस्ती मोठी आहे. वारली चित्र तुम्ही सर्वांनी पाहिलेले असेल. हल्ली ते चहाच्या कपावर आणि साडीवरही असते. मूळचे ते भिंतीवरचे. आणि ती भिंतही पाहण्यासारखी. जवळच्या डोंगरांत कारवी नावाचे झुडूप वाढते. ते आठ वर्षांतून एकदाच फुलते (२०१६ साली फुलले होते, नंतर २०२४ साली) आणि बी धरून मरते. त्याच्या सरळसोट, वाळलेल्या काठ्या एकमेकींशेजारी बांधून कूड करायचा, त्यावर माती आणि शेण कालवून लिंपायचे. शेणात गवताचे न पचलेले बारीक तंतू असतात. माती सुकताना आकसते आणि तडकू पाहते, तेव्हा हे तंतू तिला धरून ठेवतात. वर गेरू. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. उन्हाने तो उडत नाही. आणि या तांबड्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचून कुंचल्यासारखे केलेल्या बांबूच्या काडीने.

त्या चित्रांतला माणूस कसा असतो ते आठवा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर एक वर्तुळ, आणि हातापायांच्या रेघा. मऊ भाग काढून टाकला आणि बांधणी तेवढी ठेवली! लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. पुढे पालघर जिल्ह्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आरेतल्या पाड्यांवर आता पुष्कळ घरे विटांची आणि पत्र्याची झाली आहेत. पण वारली चित्रे काढणारे हात तेथे आजही आहेत.

आपल्याला त्यांची नक्कल करायची नाही. ती केली तर बर्फाच्या माणसाच्या जागी वारली माणूस येईल, एवढेच. त्यांनी जे केले ते करायचे: सभोवार पाहायचे.

पाहायला जाताना एक-दोन नियम पाळा. आरेत आणि शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत. तेव्हा चांगले ऊन पडल्यावर, मोठ्या माणसांबरोबर आणि रस्ता न सोडता जायचे. उद्यानातून आणि आरेच्या राखीव वनातून काहीही उचलायचे नाही. तेथे वही आणि पेन्सिल चालते. उचलायचे ते रस्त्याकडेला आणि शाळेच्या आवारात गळून पडलेले. झाडावरचे काही तोडायचे नाही. आणि तुम्ही मुलुंडला, घाटकोपरला किंवा थेट अकोल्याला राहत असलात तरी बिघडत नाही. यांतली बहुतेक झाडे तुमच्याही गल्लीत आहेत.

पहिली सापडेल ती शेंग. गुलमोहराची हातभर लांब, काळी, तलवारीसारखी शेंग वाजवून पाहा. हा आयता खुळखुळा. झाड मूळचे मादागास्करचे. सुभाभूळ मेक्सिकोकडची, तिच्या चपट्या, चकचकीत तपकिरी बिया पाण्यात उकळून मऊ केल्या की सुईने ओवता येतात. मुरुडशेंग पाहिली आहे का? लहान बाळाच्या गुटीत उगाळतात ती. पाच शेंगा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. तिचे चित्र काढा आणि मग वर्तमानपत्राच्या पाच बारीक सुरळ्या तशाच पिळून पाहा. सुटी सुरळी सहज तुटते. पिळलेल्या पाच सुरळ्या ओढल्या की एकमेकींना अधिकच घट्ट दाबतात आणि घसरत नाहीत. दोर वळणाऱ्यांनी हीच युक्ती वापरली.

कांचनाच्या शेंगेची गंमत आणखी वेगळी. हिवाळ्याच्या अखेरीस ती चट् आवाज करून फुटते, बिया दूर उडतात आणि शेंगेची दोन्ही अर्धुके मळसूत्रासारखी पिळवटून जातात. पिळवटलेले अर्धूक पाण्यात ठेवा. पीळ सैल होईल. वाळवा, पुन्हा बसेल. शेंगेच्या सालीत तंतूंचे दोन थर असतात. एकाचे तंतू एका तिरक्या दिशेने, दुसऱ्याचे त्याला आडवे. वाळताना प्रत्येक थर आपापल्या दिशेने आकसतो; या ओढाताणीत सपाट राहणे शक्य नसते, म्हणून शेंग वळते. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी २०११ साली हेच रबराच्या पातळ पत्र्यांनी करून दाखवले. तुम्ही मोठा फुगा कापून करू शकाल. एक तुकडा उभा ताणून पुठ्ठ्यावर टाचा, दुसरा आडवा ताणून त्यावर चिकटवा, चिकट वाळल्यावर तिरकी पट्टी कापा. पट्टी सुटताच तिला शेंगेसारखा पीळ बसतो. माझ्या मते शेकडो कापसाच्या माणसांपेक्षा अशी एक पट्टी प्रदर्शनात अधिक शोभेल.

एका वस्तूबद्दल मात्र बजावून सांगतो. वाळलेल्या वेलीवर फुटलेल्या शेंगांत लालभडक, काळ्या डोळ्याच्या गुंजा दिसतील. ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, एका गुंजेचे वजन किती ते तुम्हीच काढा. सोनार त्यांचा वजनासाठी उपयोग करीत. दिसायला इतक्या देखण्या की माळ ओवण्याचा मोह होतोच. तो आवरा. गुंजेच्या आत अब्रिन नावाचे अतिशय जहाल विष असते. कठीण सालीमुळे ते बंद राहते; भोक पाडले, फोडले वा चावले की बाहेर येते. गुंजा हाताळू नका, धाकट्या भावंडांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आता पिंपळाकडे येऊ. हाच आजचा खरा विषय.

पिंपळाचे पान वहीत ठेवले की त्याची जाळी होते, असे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही पाचवीत असताना मराठीच्या पुस्तकात एक पान ठेवले होते. रोज उघडून पाहायचो. वार्षिक परीक्षा झाली, पुस्तक धाकट्या बहिणीकडे गेले, तिचीही पाचवी झाली. पान तपकिरी झाले, जाळी काही झाली नाही. बहिणीचे म्हणणे, मी रोज उघडून पाहिले म्हणून. पुष्कळ वर्षे मला तेच खरे वाटत होते.

खरे काय ते मुंबईतच पाहता येते. सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम नावाचा वनस्पतींचा संग्रह आहे. १९०६ साली तो सुरू झाला. तेथे कागदावर दाबून ठेवलेली, शंभर वर्षांहून जुनी पाने आहेत. कागदांत शतकभर राहूनही ती पानेच आहेत. नुसते दाबून ठेवल्याने जाळी होत असती, तर त्या संग्रहात एव्हाना जाळ्याच उरल्या असत्या!

कारण सोपे आहे. पानाचा मऊ भाग आपोआप नाहीसा होत नाही. तो कोणीतरी खावा लागतो. खाणारे म्हणजे सूक्ष्म जंतू आणि बुरशी, आणि त्यांना पाणी लागते. कोरडा कागद पानातले पाणी शोषून घेतो. जंतूंची पंगत मांडण्याआधीच उठते आणि पानाचा गर शिरांमध्ये जागच्या जागी वाळतो. ज्या पुस्तकाला पावसाळ्याची ओल लागली किंवा किडे लागले, त्यातल्या पानाची थोडीफार चाळण होऊ शकते. पण तसे पुस्तकही फारसे वाचण्यासारखे राहत नाही.

आरेत मात्र जाळ्या आयत्या सापडतात. ओल्या गटाराच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली, सावलीतल्या चिखलात शोधा. सागाखालीही शोधा. पावसाळा सरता सरता सागाच्या पानांवर एका लहानशा पतंगाच्या अळ्या येतात आणि शिरा सोडून मधला हिरवा भाग तेवढा खातात. लांबून झाड करपल्यासारखे दिसते. जवळून पाहिले तर परातीएवढ्या पानाची सुरेख जाळी! जंतू जे पाण्यात करतात ते अळी कोरड्यात करते, इतकेच.

शिरा का उरतात? पानाच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. हेच द्रव्य पेरूच्या जेलीला घट्टपणा आणते. जंतू आधी हे पेक्टिन फस्त करतात, त्यामुळे पेशी सुट्या होऊन गळून पडतात. शिरांमधल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतींत लिग्निन असते. लाकडाला कठीणपणा येतो तो याच द्रव्यामुळे, आणि ते पचवणे जंतूंना जड जाते. शेतकरी ताग आणि अंबाडीच्या काठ्या पाण्यात कुजत घालून वाख काढतात तेही याच जंतूंच्या जोरावर. तुमची जाळी आणि बैलाची वेसण एकाच कारखान्यातून निघतात.

आता कृती. पिंपळाची गळलेली, पण अजून न वाळलेली चांगली जून पाने घ्या; किडलेली असली तरी चालतील, किंबहुना एक तरी किडीने भोक पाडलेले असू द्या. रुंद तोंडाच्या बरणीत पाणी घालून ती बुडवा, वर दगड ठेवा. बागेतली चमचाभर माती टाका, म्हणजे जंतूंची भरती होईल. तोंडाला दुहेरी फडके घट्ट बांधा; नाही तर डास अंडी घालतील आणि पालिकेचे डास तपासणारे कर्मचारी तुमची हस्तकला ओतून देतील. तेही बरोबरच करतील म्हणा. बरणी गॅलरीत ठेवा, वास येतो. आठवड्याने थोडे पाणी बदला, सगळे नको.

किती दिवस लागतील? हे तापमानावर आहे. अशा क्रियांचा वेग साधारणपणे १० अंशांनी तापमान वाढले की जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मे महिन्यापेक्षा जानेवारीत धीर जास्त धरावा लागतो. तीन ते सहा आठवडे धरून चाला. खरे तर याचाच प्रयोग करा. एकाच झाडाची नऊ पाने घ्या. तीन वहीत, तीन सावलीतल्या बरणीत, तीन उन्हातल्या बरणीत. दर रविवारी एकेक पान बोटाने हलकेच चोळून पाहा आणि गर सुटतो का ते तारखेसह लिहा. माझ्या बहिणीच्या मताचाही निकाल लागेल: वहीतले एक पान रोज उघडून पाहा, उरलेल्या दोघांना हात लावू नका.

गर बुळबुळीत झाला की पान ताटलीत थोड्या पाण्यात पसरा आणि मऊ दातांच्या जुन्या ब्रशाने, देठाकडून कडेकडे, हलके थोपटा. घासू नका, थोपटा. एक बाजू झाली की पान उलटा. घाई केलीत तर शेपटीसारखे लांब टोक हमखास तुटते. मग स्वच्छ पाण्यातून काढून वर्तमानपत्रात ठेवा. येथे मात्र वहीचे काम आहे. तयार जाळी सपाट वाळवण्यासाठी ती उत्तम. ज्यांना सहा आठवडे थांबवत नाही त्यांनी लिटरभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून पाने मंद आचेवर तास-दीड तास उकळावीत. हे काम मोठ्या माणसाने, स्टीलच्या पातेल्यात करायचे. अॅल्युमिनियमचे भांडे सोड्याने खराब होते. आणि ते पाणी कातडीला लागू द्यायचे नाही.

हीच कृती बांबूच्या किंवा उसाच्या पानावर करून पाहिलीत तर हाती दोऱ्यांची जुडी लागेल, जाळी नव्हे. त्यांच्या ठळक शिरा समांतर असतात आणि त्यांना जोडणारे आडवे धागे फार बारीक. पिंपळात शीर फुटते, तिच्या उपशिरा फुटतात, आणि त्या पुन्हा एकमेकींना मिळून लहान लहान चौकटी करतात. हा एवढा खटाटोप कशासाठी? पाणी पोहोचवायचे तर झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या शिरा पुरल्या असत्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१० साली याचे गणित मांडले आणि लिंबाच्या पानाला मधोमध भोक पाडून, शिरांत चमकणारे रंगद्रव्य सोडून पाहिले. रंग भोकापाशी अडला नाही. तो बाजूच्या बारीक शिरांतून वळसा घालून पलीकडे गेला. अंधेरीचा भुयारी रस्ता पावसात तुंबला की मुंबईकर जोगेश्वरीवरून किंवा विलेपार्ल्यावरून जातो, तसेच हे. एकच रस्ता असता तर पलीकडचे सगळे अडकले असते.

तुमची जाळी तयार झाली की ती काळ्या कागदावर मैद्याच्या पातळ खळीने, फक्त देठाला आणि टोकाला चिकटवा. बाकीची मोकळी राहू द्या. पण त्याआधी ती खिडकीशी उजेडात धरा आणि किडीने पाडलेले भोक शोधा. भोकाच्या देठाकडच्या कडेवर सुईचे टोक ठेवा आणि शिरांवरून, कोठेही उडी न मारता, भोकाच्या पलीकडच्या कडेला पोहोचायचा मार्ग काढा. किती निरनिराळे मार्ग सापडतात ते मोजून तारखेच्या रकान्याशेजारी लिहून ठेवा.